मान्य केलेली अट

जुम्म्याच्या नमाजनंतर परळच्या चाळीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “मौलाना, माझ्या अमर्याद डेटाच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला मनाई आहे. पण लॅपटॉप जोडल्याचे लपवता येते. पैसे तर भरलेच आहेत; मग बिघडले काय?”

लॅपटॉपचा डेटा फोनमधून पुढे जाताना त्यावरील एक आकडा एकाने घटतो. त्यावरून कंपनी ओळखू शकते. तो आकडा बदलणे म्हणजे ओळख लपवणे.

प्रश्न पैशांचा नाही, दिलेल्या शब्दाचा आहे. सूरह माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. अट नसेल, तर विकत घेतलेला डेटा कोणत्याही यंत्रावर वापरावा. अट मान्य करून सवलत घेतली असेल, तर लपवाछपवी ही फसवणूकच. शिवाय त्याच टॉवरवर शेजारीही अवलंबून असतात. त्यांचा हक्क हाही हक्कुल इबाद आहे.

करार कंपनीलाही बांधतो. हॉटस्पॉटची ॲप्स अडवल्याच्या चौकशीत अमेरिकेत व्हेरायझनला २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. स्पेक्ट्रम घेताना तिनेही अटी स्वीकारल्या होत्या. म्हणून अट अन्यायाची वाटल्यास उघड तक्रार करावी, प्लॅन बदलावा. चोरवाट धरू नये.

“मग प्रोजेक्ट?” त्याने विचारले. क्षणभर थांबून स्वतःच म्हणाला, “महिनाभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसेन.” अल्लाह त्याच्या कष्टांत बरकत देवो.