बालकाचा खेळ आणि फळाची आशा

घराच्या ओसरीवर चार-पाच वर्षांचे मूल मातीची चूल मांडून, पानांच्या पत्रावळीवर खड्यांचा भात वाढीत बसलेले असते. आतून हाक येते, "खेळ पुरे झाला, आता काही तरी शीक." ही हाक बहुतेक प्रत्येक गृहस्थाच्या घरी ऐकू येते आणि तीत प्रेमाचा अभाव नसतो. परंतु तिच्या पोटी एक सिद्धान्त दडलेला असतो. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय आणि शिक्षण म्हणजे पुढे मिळावयाच्या फळासाठी आज सोसावयाचे कष्ट, असा तो सिद्धान्त होय. तो खरा आहे काय?

गीतेचे नित्य वाचन करणाऱ्याने तर हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा. कर्म करावे, परंतु फळावर दृष्टी ठेवू नये, हा उपदेश तो प्रातःकाळी वाचतो, आणि सायंकाळी मुलाला म्हणतो, "पाढे म्हटलेस तर खाऊ देईन, पहिला नंबर आणलास तर सायकल घेऊन देईन." ज्या आसक्तीतून सुटण्यासाठी तो स्वतः धडपडत असतो, तिचाच पहिला संस्कार तो आपल्या हाताने अपत्यावर करतो. प्रश्न केवळ अध्यापनाच्या पद्धतीचा नाही, धर्माचा आहे.

खेळणाऱ्या बालकाकडे क्षणभर शांतपणे पाहावे. ते ठोकळ्यांचा मनोरा रचते, तो कोसळतो, ते पुन्हा रचते. या श्रमाचे त्याला वेतन नाही. मनोरा पुरा झाला की पुष्कळदा ते स्वतःच तो पाडून टाकते आणि पुन्हा आरंभ करते. त्याचा आनंद मनोऱ्यात नसून रचण्यात असतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान सांगतात की, तिन्ही लोकांत आपल्याला मिळवावयाचे असे काही उरले नाही, तरीही आपण कर्मात वर्तत असतो. ज्याची कोणतीच इच्छा अपुरी नाही अशा ईश्वराने सृष्टी का निर्माण करावी, या शंकेचे उत्तर ब्रह्मसूत्रांत 'लीला' या शब्दाने दिले आहे. आणि श्रीशंकराचार्यांनी भाष्यात पूर्णकाम राजाच्या क्रीडेचा दृष्टान्त योजला आहे. ईश्वरी कर्माला मानवी व्यवहारात उपमा शोधण्याची वेळ आली, तेव्हा ती शास्त्रकारांना बाजारात सापडली नाही, क्रीडेत सापडली.

याचा अर्थ बालक हा निष्काम कर्मयोगी आहे, असा मात्र नव्हे. खेळणे हिसकावले तर ते रडते, डाव हरले तर रुसते. कर्मयोग्याची अनासक्ती विवेकाने संपादन केलेली असते. बालकाची फलनिरपेक्षता विवेकापूर्वीची, निसर्गदत्त असते. तथापि कर्मातच रस घेण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी बीजरूपाने असते. ते बीज जतन करावे की लालूच दाखवून करपवावे, एवढेच वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

आपल्या पूर्वाचार्यांनी विद्येला हाताच्या कृतीपासून तोडले नव्हते. छांदोग्योपनिषदातील श्वेतकेतू बारा वर्षे अध्ययन करून, विद्येचा ताठा घेऊन परतला, तेव्हा पित्याने त्याला आणखी एक पाठ घोकावयास दिला नाही. वडाचे फळ आणावयास लावले, ते फोडावयास लावले, आतील सूक्ष्म बी फोडून काय दिसते ते विचारले. पाण्यात मीठ टाकून दुसऱ्या दिवशी ते पाणी वरून, मधून आणि तळातून चाखावयास लावले. ब्रह्मविद्येसारखा गहन विषय जर फळ फोडून आणि पाणी चाखून उकलतो, तर बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांनी का उकलू नये?

हाच मार्ग विसाव्या शतकात आपल्या देशात पुन्हा उजळला. गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मादाम माँटेसोरींच्या विचारांना त्यांनी गोष्टी, गाणी आणि नाटके यांची जोड दिली. मार आणि बक्षिसाचे आमिष ही दोन्ही त्यांनी त्याज्य मानली. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि पुढे आदिवासी वस्तीतील कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य नेले. विकत घ्यावयाची साधने गरिबाच्या आवाक्यात नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने हीच साधने झाली. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. खेळातून शिक्षण हे श्रीमंतांचे कौतुक आहे, हा आक्षेप कोसबाडने कृतीनेच खोडून काढला.

लालूच काय करते, हे प्रयोगानेही दिसून आले आहे. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली लहान मुले निवडली. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले आणि दिले. काहींना काहीच कबूल केले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो ज्यांना आधी आमिष दाखवले होते, ती मुले आपण होऊन चित्रे काढण्यात इतरांच्या मानाने निम्माच वेळ घालवू लागली होती. आनंद व्यवहार बनला आणि व्यवहार संपताच हात थांबला.

येथे दोन शंका संभवतात. पहिली अशी की, दुसऱ्या अध्यायात भगवंतांनीच अर्जुनाला स्वर्गाची व पृथ्वीच्या राज्याची गोष्ट सांगितली आहे. मग बापाने सायकल कबूल केली तर बिघडले कोठे? परंतु त्याच्या पुढच्याच श्लोकात जय-पराजय व लाभ-हानी समान मानण्यास सांगून ती पायरी मागे टाकलेली आहे. गृहस्थ मात्र त्याच पायरीवर मुलाला वर्षानुवर्षे बसवून ठेवतो.

दुसरी शंका अधिक बळकट आहे. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते, असे अठरावा अध्याय सांगतो. मग आरंभीच गोड असलेल्या खेळाने मूल तपाला मुकणार नाही काय? येथे खेळ आणि करमणूक यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पडद्यावरची चित्रे पाहत तासन्‌तास बसलेले मूल काही करीत नसते. ते केवळ भोगीत असते. तेच मूल भोवरा शिकू लागले की शंभरदा जाळी गुंडाळते, भोवरा आडवा पडतो, आणि ते कोणाच्याही धाकावाचून पुन्हा गुंडाळते. हा अभ्यासच होय, आणि अभ्यासानेच रमावे असे ते सुख, हे लक्षण गीतेने सात्त्विक सुखाचेच सांगितले आहे. मूल मोठे झाले की पाठांतर, शुद्धलेखन, कंटाळवाणा सराव हेही त्याच्या वाट्याला येईलच. त्या कष्टांना तोंड देण्याचे बळ भोवऱ्यापाशी कमावलेल्या चिकाटीतूनच येते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयासाठी खेळ व कृती यांवर आधारलेले शिक्षण स्वीकारले. परंतु घरातील लालूच कोणताही कायदा थांबवू शकत नाही. ते काम गृहस्थाचेच आहे. श्रेष्ठ जसे आचरण करतो तसेच इतर करतात, हे ओळखून त्याने मुलाला गुणांचा आकडा विचारण्याआधी, "आज काय करून पाहिलेस?" असे विचारावे, त्याने केलेले कौतुकाने पाहावे, पण त्याची किंमत ठरवू नये. सर्व उपदेश संपल्यावर भगवंतांनी अर्जुनाला, नीट विचार कर आणि मग इच्छेप्रमाणे वाग, असेच सांगितले. जगद्गुरूने शिष्याला जेवढे स्वातंत्र्य दिले, त्याचा अल्पसा अंश तरी पित्याने आपल्या बालकाला द्यावा.