घरातल्या नकाराचा स्वर

उज्जैनला देवास गेटच्या बस स्थानकात रिकामा बाक दिसला तर बसून घ्या. पिशवी पायाशी ठेवा, पाठ टेकवा. गाडी सुटायला अवकाश आहे असं धरून चालू. समोर इंदूर-देवासच्या हाका चालू असतील, पलीकडे रेल्वे स्टेशनातून नुकती उतरलेली माणसं महाकालकडे जायला रिक्षा ठरवत असतील. त्यांच्याकडे पाहू नका, नुसतं ऐका. हिंदी ऐकू येईल, तिच्याखाली माळवी. आणि कधी एखादी आई मुलाच्या कानाशी दबक्या आवाजात रागावेल, मराठीत. चारचौघांत हिंदी बोलणारी ही बाई रागावताना घरच्या भाषेत का आली, एवढाच प्रश्न मनात धरा. उत्तराची घाई नको.

या स्थानकाला राजाभाऊ महाकाल यांचं नाव आहे. उज्जैनचा हा सत्याग्रही गोव्याच्या मुक्तीसाठी गेला आणि 15 ऑगस्ट 1955 रोजी सीमेवर गोळी लागून पडला. शिप्रेकाठचा माणूस इतक्या लांबच्या समुद्राला आपला मानून गेला. त्याच वाटेने मन थोडं आणखी खाली नेऊ. गोवा मागे टाका, कारवार मागे टाका, उडुपी आणि मंगळूरच्या मधल्या पट्ट्यात या. इथे तुळू बोलतात. 2011 च्या जनगणनेत तुळू मातृभाषा सांगणारे सुमारे 18 लाख होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही आणि तिचं बरंचसं छापील साहित्य कन्नड लिपीत आहे. तरीही 1971 पासून तिच्यात चित्रपट निघतात.

डोळे मिटून असा एक चित्रपट समोर आणा. प्रेमाचा आणि घराचा. सुपारीची बाग, लाल मातीचं अंगण, कौलारू घर. मुलगा आणि मुलगी एकमेकांना आवडतात. ते आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं, म्हणून त्यांच्यापाशी फार रेंगाळू नका. घराकडे बघा. मोठा मामा ओसरीवर बसला आहे आणि सगळे त्याच्या तोंडाकडे पाहताहेत. वडील खोलीत आहेत, पण निर्णय मामाचा.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तुळुनाडातल्या बंट, बिल्लव अशा अनेक समाजांत अळियसंतान पद्धत होती: वारसा बापाकडून मुलाकडे न जाता मामाकडून बहिणीच्या मुलांकडे जायचा. घराचा दोर बहिणीच्या हाताने पुढे सरकायचा. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आणि त्यानंतर कूळकायद्यांनी ही घडी पुष्कळ बदलली, मोठाली घरं वाटली गेली, कित्येक तरुण मुंबईच्या हॉटेलांत कामाला आले. पण मनातली घडी कायद्याच्या तारखेला बदलत नाही. म्हणून तिथे बहिणीच्या मुलीने कुणावर प्रेम करावं हा एकट्या मुलीचा प्रश्न राहत नाही. सगळ्या घराचं पुढचं नाव त्यात गुंतलेलं असतं. पहिल्या तुळू चित्रपटाचं नाव ‘एन्न तंगडि’, म्हणजे माझी बहीण. त्या मातीत हेच नाव पहिलं यावं हे मला फार खरं वाटतं.

आता श्वास सोडा आणि त्या ओसरीवरून आपल्या घराकडे पाहा. मामा आपल्याकडेही केवढा मोठा! इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारताच्या नातेव्यवस्थेचे पट्टे मांडले. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात अनेक जातींत चालतं, दक्षिणेत चालतं, आणि उत्तरेत बहुतेक ठिकाणी ती बहीणच ठरते. माळव्यातलं मराठी घर या रेषेवर राहतं. शेजारच्या घरी जे निषिद्ध, ते आपल्या घरी लहानपणापासूनच्या थट्टेचा विषय. उज्जैनमधला मराठी माणूस तुळू चित्रपटातली ही थट्टा उपशीर्षकं न वाचताही ओळखेल.

इथे जरा थांबू. कारण याच गावात प्रेमाला नकार मिळालेलं असं एक मराठी घर होऊन गेलं, आणि त्याच्यापाशी बसल्याशिवाय हे मनन पुरं होत नाही.

जळगावकडून एक मराठी कुटुंब ग्वाल्हेर संस्थानात आलं. पुढच्या पिढ्यांतले माधवराव मुक्तिबोध पोलिसात अधिकारी होते. निवृत्तीनंतर उज्जैनला राहिले. आई पार्वतीबाई हिंदी मुलुखात वाढलेल्या; प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे दोघांवर त्यांचं प्रेम. थोरला मुलगा गजानन, जन्म 1917, हिंदीचा मोठा कवी झाला. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी झाले. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी 1954 ची. एकाच आईच्या दोन आवडी दोन मुलांत दोन भाषा होऊन उतरल्या, असं म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

1939 मध्ये गजानन यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला, घरच्यांच्या मनाविरुद्ध. साल मनात धरा आणि त्या घराच्या दारापर्यंत जा, आत मात्र शिरू नका. काय बोललं गेलं ते कुणाच्या हाती नाही आणि आपण रचायचंही नाही. एवढंच ध्यानात आणा की जो नकार दिला गेला तो मराठीत दिला गेला असणार. पुढे ज्याच्या हिंदीने एका पिढीला हलवलं, त्याने आपल्या प्रेमाची बाजू आईवडिलांपुढे मांडली असेल ती याच भाषेत. मणि कौल यांनी 1980 मध्ये मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला. तो हिंदीत आहे आणि हिंदीतच असायला हवा, कारण तो लेखनावर आहे. पण त्या घरातलं ते वर्ष पडद्यावर यायचं तर हिंदीत चालणार नाही.

तुळू माणसांनी हे ओळखलं आहे. विजयकुमार कोडियालबैल यांचं गाजलेलं नाटक ‘ओरियर्दोरि असल’ 2011 मध्ये पडद्यावर आलं, तेव्हा रंगमंचावरची तुळूच तिथे पोचली. कन्नडमध्ये केलं असतं तर प्रेक्षक कितीतरी पटींनी वाढले असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण आजी नातीला “जा, कर तुझ्या मनासारखं” म्हणते त्यात परवानगी किती आणि रुसवा किती, हे मोजणारा कान घरच्या भाषेतच तयार होतो. भाषांतरात आजीची परवानगी तेवढी पोचते.

माळव्यातल्या मराठी घरांची सुमारे तीनशे वर्षांची वस्ती, मंगळागौरी, गणपती, मुलींची इंदूर-ग्वाल्हेर-देवासला दिलेली लग्नं, हिंदीभाषक सुना आल्यावर स्वयंपाकघरात बदललेली बोली: एवढं सगळं कथेला तयार आहे. पुण्या-मुंबईची मराठी त्यासाठी उसनी आणायची गरज नाही. इथली, हिंदीचा वास लागलेली, काही क्रियापदं वेगळीच वळवणारी मराठी कॅमेऱ्यापुढे आहे तशी बोलू द्यावी. 18 लाखांची भाषा पन्नासहून अधिक वर्षं हे करते आहे. देवास गेटवरून तासाभरात देवास, दोन तासांच्या आत इंदूर. नट इथे आहेत, नाट्यमंडळं इथे आहेत, आणि मुलाच्या कानाशी रागावणारी ती आईही अजून फलाटावर आहे. तिची गाडी लागायच्या आत कुणीतरी तिचं बोलणं लिहून घ्यायला हवं.