लक्कम्मेचे माप आणि शून्याचे बिल



बेळगुंदी, बिजगर्णी, सोनोली या भागातील भक्तमंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक प्रश्न वरचेवर येतो. कर्नाटक शासनाच्या गृहज्योती योजनेमुळे ऑगस्ट २०२३ पासून पुष्कळ घरांना विजेचे बिल शून्य रकमेचे येऊ लागले. तेव्हापासून माताभगिनी विचारतात, "स्वामीजी, पैसाच पडत नाही तर दिवा मालवायचा कशाला?" विचारणाऱ्या हसत विचारतात. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या वस्तूचे मोल आपल्याला मोजावे लागत नाही, तिची नासाडी हा दोष आहे काय? आणि दोष असेल तर त्याला नाव कोणते द्यावे?

संस्कृत शास्त्रांकडे पाहिले तर दोन शब्द चटकन समोर येतात, अस्तेय आणि अपरिग्रह. पतंजलींनी दोन्ही यमांत गणले आहेत. अस्तेय म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. फुकट वीज शासनाने आपण होऊन दिलेली, तेव्हा तेथे चोरी नाही. अपरिग्रह म्हणजे साठा न करणे. वीज घरात साठवून कोणी ठेवत नाही, तेव्हा तेथेही दोष लागत नाही. म्हणजे या दोन्ही चाळणींतून आपला प्रश्न अलगद निसटून जातो. तो पकडायचा असेल तर कल्याणच्या एका गरीब घरात जावे लागेल.

आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा ही जोडी तुम्हाला परिचित आहे. कन्नड भाषेत अक्की म्हणजे तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचणारा तो आय्दक्की मारय्या. महात्मा बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे वेचून आणणे हे त्याचे कायक. त्यावर दोघांचा संसार आणि जंगमांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आला. परंपरा सांगते, की बसवण्णांनीच परीक्षेसाठी अधिक दाणे सांडवून ठेवले होते. लक्कम्मेने ओंजळीवरूनच ओळखले आणि जादा तांदूळ जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास पतीला सांगितले.

आता नीट विचार करा. ते तांदूळ कोणाच्या कोठीतले नव्हते, जमिनीवर पडलेले होते. देणाऱ्याने बुद्ध्याच दिलेले होते. घरात येऊन ते जंगमांच्याच मुखी पडणार होते. चोरी नाही, साठा नाही, हेतूही वाईट नाही. तरी लक्कम्मेने ते नाकारले. तिच्या दृष्टीने दोष वस्तूत नव्हता, देणाऱ्यात नव्हता. माप सुटले यात होता. गरज ठरविते ते माप. मिळते म्हणून घेतले, की माप गरजेच्या हातून सुटून आशेच्या हाती जाते. आणि आशेला माप कधीच ठाऊक नसते.

गृहज्योतीच्या नियमाकडे या दृष्टीने पाहा. प्रत्येक घराचा २०२२-२३ या वर्षातील सरासरी वापर धरला, त्यावर थोडी वाढ दिली, आणि वरची सीमा २०० युनिट ठेवली. म्हणजे शासनाने तुमच्याच जुन्या सवयीला माप केले. नियम म्हणून तो ठीक आहे. पण काही घरांत त्याचा अर्थ उलटा लावला जातो, "इतके युनिट आपले आहेत, मग सोडायचे का?" कालपर्यंत जी कमाल मर्यादा होती ती आज हक्काची शिधावाटणी झाली. महिनाअखेरीस मीटर पाहून "अजून शिल्लक आहे" म्हणून गिझर लावणे, ही मारय्याची जड झालेली ओंजळच होय.

मोळिगे मारय्याचेही स्मरण येथे व्हावे. कथा त्याला काश्मीरचा राजा म्हणते. राज्य सोडून तो कल्याणला आला आणि लाकडाच्या मोळ्या विकू लागला. जळण डोक्यावरून वाहणाऱ्याला जळणाची किंमत कोणी सांगावी लागत नाही. ती मानेलाच कळते. आपल्या भागातील वृद्ध मातांनी रानातून सरपण आणले आहे, शेणी थापल्या आहेत. चुलीवर भात शिजला, की राहिलेल्या निखाऱ्यावर त्या वैलावर आमटी ठेवीत, आणि शेवटच्या धगीवर दूध. हे त्यांना कोणत्या परिषदेत शिकविले नव्हते. बटण दाबून येणाऱ्या विजेला वजन नाही, म्हणून आपली मान सुखावली आणि बुद्धी मात्र सैल झाली.

वजन नाही असे आपल्याला वाटते एवढेच. बेळगावहून गोव्याच्या वाटेवर रामनगर लागते. काळी नदीवरील सुपा धरणात सुपा गाव आणि आसपासची खेडी बुडाली, तेव्हा तेथील लोकांना या रामनगरात आणून वसविले. त्यांत मराठी-कोकणी बोलणारी, आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबे होती. त्या पाण्यावर नागझरीचे वीजकेंद्र चालते. दुसरीकडे कृष्णेकाठी रायचूरच्या केंद्रात १९८५ पासून कोळसा जळतो आहे. कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो आणि त्याचा धूर सर्वांच्या वाट्याला येतो. तारेतून आपल्या घरी आलेली वीज सुप्याची की रायचूरची हे निवडून काढता येत नाही. पण कोणीतरी मोळी वाहिली आहे, हे निश्चित. बिलावर शून्य छापले म्हणून ती मोळी हलकी होत नाही.

आपल्या धर्मात पदार्थ लिंगाला अर्पण झाल्यावाचून भोगायचा नाही. अर्पण झाला की तो प्रसाद. ताटात प्रसादाचा कण टाकू नये, हे लहान मुलालाही आपण शिकवितो. मग ज्या अग्नीवर तो प्रसाद शिजला, ज्या पाण्याने लिंगाला स्नान घातले, ज्या प्रकाशात पूजा झाली, ते काय प्रसादाबाहेरचे? ताट पुसून खाणारा भक्त पूजेची खोली सोडताना पंखा फिरता ठेवून जातो, तेव्हा त्याचा प्रसादभाव ताटाच्या काठाशीच थांबला असे म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, स्वामीजी गरिबांच्या सवलतीवर बोट ठेवताहेत. तसे मुळीच नाही. लक्कम्मेच्या मापाला दोन बाजू आहेत. तिने जादा तांदूळ परत पाठविले, पण रोजचे तांदूळ पाठविले नाहीत. ज्या विधवा भगिनीच्या घरी एकच दिवा आहे तिने तोही काटकसरीने लावावा असे सांगणे हा अधर्म होईल. तिची लेकरे रात्री अभ्यासाला बसतात, ती वीज सत्कारणी लागली. चुलीच्या धुरात घुसमटणाऱ्या सुनेला "गॅस कशाला जाळतेस" म्हणणाऱ्या सासूबाईंनाही हेच सांगायचे. घरातील धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पर्यावरणाच्या नावाने बाईमाणसाला पुन्हा धुरात बसविणे हे शरणांच्या वाटेवरचे नव्हे.

उलट, कमी वापराने मिळते काय, हे शेतकऱ्याला विचारा. २०२३ च्या दुष्काळात राज्यात वीज अपुरी पडली आणि पंपांचा थ्री फेज पुरवठा सात तासांवरून खाली आला. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणारा माणूस आणि आपल्या ओसरीवर विनाकारण जळणारा दिवा एकाच तारेला जोडलेले आहेत. दासोह म्हणजे केवळ पंगत नव्हे.

आता घरातल्या गोष्टी. सर्वांत जड मोळी न्हाणीत असते. एक बादली पाणी अंघोळीपुरते तापवायला जवळपास अर्धे युनिट जाते. तेवढ्यात नऊ वॅटचा दिवा पन्नास तासांहून अधिक जळेल. म्हणून दिव्याची चिंता करण्याआधी गिझरकडे पाहा. आपल्याकडे मिरगापासून चार महिने सोडले तर ऊन भरपूर आहे. छपरावर सौर बंब बसला की हा प्रश्न बराचसा मिटतो. डाळ-तांदूळ तासभर भिजवून कुकरात लावावेत, उकळी आली की आच कमी करावी. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबर गॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलोंच्या आसपास शेण लागते, पाच माणसांचा स्वयंपाक होतो आणि उरलेली रबडी रताळ्याच्या रानाला जाते. जुन्या घरांच्या कौलांत एखादे काचेचे कौल असे. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लागत नसे. स्लॅब टाकताना ती युक्ती आपण विसरलो आणि आता तापलेल्या स्लॅबखाली दिवसभर पंखा फिरवतो. निदान वरून चुन्याचा पांढरा हात तरी द्यावा.

जाता जाता एक. जत्रेत मठांवर आणि देवळांवर आठ-आठ दिवस जी रंगीबेरंगी रोषणाई होते, तिच्याविषयी माझे मत चांगले नाही. पूजेला एक नंदादीप पुरतो. शिखरावर हजार दिवे लावून भक्ताला घरचा एक दिवा मालवायला सांगणाऱ्या धर्मपीठाचे कोणी ऐकेल, असे मला वाटत नाही.

येत्या अमावास्येच्या शिवानुभव गोष्टीला प्रत्येक घराने गेल्या सहा महिन्यांची विजेची बिले आणावीत. रकमेचा रकाना पाहायचा नाही. युनिटांचा रकाना वाचायचा आणि घरात माणसे किती ते सांगायचे. हे वाचन माताभगिनींनी करावे, पुरुषांनी ऐकावे.