मक्याचा धावा

मक्याच्या रोपाला अळी लागली की काही तासांत त्यातून वेगळाच वास सुटतो. त्या वासाच्या मागाने बारीक गांधीलमाशी येते आणि अळीच्या अंगात अंडे घालते. त्यातून निघालेले पिलू अळीला आतून खाते. १९९० साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखविले. नुसते पान खरवडले तर असा वास फारसा सुटत नाही. जखमेला अळीच्या तोंडातला रस लागला की सुटतो.

हा दृष्टांत मी कीर्तनात बरेच दिवस सांगितला. भक्ताने धावा केला, देव धावून आला! एकदा कीर्तन आटोपल्यावर पाया पडताना एका म्हाताऱ्या माउलीने विचारले, "महाराज, मग त्या अळीने कोणाचा धावा करायचा?" मी निरुत्तर झालो.

आज वाटते, दृष्टांत मी चुकीच्या जागी लावला. माशी दयेने येत नाही, आपल्या वंशासाठी येते. तिला पाप नाही, तसे पुण्यही नाही. दया त्या शेतात शोधू नये. ती आपल्याकडून मागितलेली आहे. शेजारच्या घरात दुःख शिरले की त्याचाही सुगावा लागतो. चूल उशिरा पेटते, माणूस हरिपाठाला यायचा थांबतो. तो तोंडाने हाक मारीत नाही. तिथे गेल्याने आपल्याला मिळायचे काहीच नसते. तरीही जावे.