वेशीबाहेर

शास्त्रवाचन : लूक १९:४१-४४, इब्री १३:१२-१४



उत्तरेकडे प्रवास करताना झाशीस गाडी बदलण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर येतो. दोन गाड्यांच्या मध्ये दिवसभराचा अवकाश मिळाला की मराठी मनुष्याची पावले आपोआप शहराकडे वळतात. प्रथम किल्ला पाहावयाचा. ओरछाच्या बीरसिंहदेवाने तो १६१३ साली उभारला आणि पुढे मराठी सुभेदार नारो शंकर यांनी वाढविला. मग राणीमहाल. शेवटी जुन्या वस्तीतून वाट काढीत आपण लक्ष्मी दरवाजापाशी येतो. गाडीची वेळ होते, आपण परततो आणि घरी सांगतो, "झाशी पाहिली."

परंतु नगर पाहणे म्हणजे काय?

आपल्या प्रभूनेही एक नगर पाहिले. त्या नगराची शोभा शिष्यांनी वाखाणली, पण प्रभू ते पाहून रडला. शिष्यांना चिरे दिसले. प्रभूला त्या चिऱ्यांआड राहणारी माणसे आणि त्यांच्यावर येणारे दिवस दिसले.

तर मग लक्ष्मी दरवाजापाशी क्षणभर थांबू या. ही जुन्या तटाची एक वेस. तिच्या बाहेर महालक्ष्मीचे मंदिर व तलाव आहे, आणि तलावाजवळ गंगाधररावांची छत्री. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. राणी लक्ष्मीबाईंचे स्वतःचे बाळ त्याआधीच गेले होते. वेस, प्रेतयात्रा आणि विधवा! वाचकहो, नाईन गावाच्या वेशीची आठवण होते ना? तेथे प्रभूने त्या बाईची जात अगर गोत्र विचारले नाही. तिला पाहून त्याला कळवळा आला, एवढेच शास्त्र सांगते.

याच झाशीत दोन शोक शेजारी शेजारी पुरलेले आहेत. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातून बाहेर आलेल्या सुमारे साठ युरोपियन व ख्रिस्ती स्त्री-पुरुषांची व मुलांची झोकनबागेत कत्तल झाली. पुढे एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले, आणि सुडाने पेटलेल्या शिपायांनी घराघरांत शिरून माणसे मारली. त्या दिवसांत कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत अडकले होते. जीव वाचवून ते गावी परतले, आणि त्यांनी जे पाहिले ते 'माझा प्रवास' या ग्रंथात आपल्याच भाषेत लिहून ठेवले.

येथे आपली परीक्षा आहे. मराठी म्हणून आपण एका शोकाचे वारस आणि ख्रिस्ती म्हणून दुसऱ्याचे. कोणासाठी रडावे? झोकनबागेपाशी डोळे पुसून शहरातील प्रेतांकडे पाठ फिरवावी काय? की राणीचा जयजयकार करताना झोकनबागेतील लेकरांना विसरावे? एका वधाच्या आठवणीने दुसरा वध न्याय्य ठरतो, असे ज्या क्षणी मनुष्य म्हणू लागतो, त्या क्षणी शांतीच्या गोष्टी त्याच्या दृष्टीआड होतात. येरुशलेमेसाठी प्रभूने केलेला विलाप हाच होता.

आणि प्रभू केवळ रडून थांबला नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते की त्याने वेशीबाहेर दुःख सोसले. आपले आणि परके असा भेद वेशीच्या आत चालतो. वेशीबाहेर वधस्तंभ आहे. तेथे मारणाऱ्यांसाठीही क्षमेची प्रार्थना झाली. त्याच पत्रात आपल्याला त्याच्याकडे वेशीबाहेर जाण्याचे पाचारण आहे, कारण येथे आपल्याला टिकणारे नगर नाही. किल्ल्याचे धनी बदलले, तट ढासळला, शहर पाहणाराही संध्याकाळच्या गाडीने निघाला.

प्रियजनहो, या परीक्षेसाठी झाशीस जाण्याची गरज नाही. तुमच्याही गावात एखादी आळी असेल जिच्या दुःखाचा हिशेब तुम्ही ठेवीत नाही. एखादे घर असेल ज्याने पूर्वी तुमचे वाईट केले आणि आज ज्याच्या दारात तिरडी बांधली जात आहे. त्या दारी जा. फार बोलू नका. केवळ उभे राहा.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या नगराकडे तुझ्या दृष्टीने पाहावयास आम्हांस शिकव. ज्यांच्यासाठी आम्ही कधी रडलो नाही त्यांच्यासाठी आम्हांस अश्रू दे, आणि वेशीबाहेर तुझ्याजवळ येण्याचे धैर्य दे. आमेन.