भाले का दिसत नाहीत?



दहिसरहून विरार गाडीत बसले की चौथे स्टेशन वसई रोड. संत गोन्सालो गार्सिया त्याच वसईचे. आपल्यापैकी कित्येकींचे माहेर तिकडचे, तेव्हा त्यांची कथा नव्याने सांगायला नको. जपानमध्ये व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले, जपानी भाषा येत असल्याने मिशनऱ्यांचे दुभाषी झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर भाल्यांनी भोसकून मारले गेले.

मागे धर्मशिक्षणाच्या मुलांना आम्ही त्यांचे चित्र काढायला सांगितले. जवळजवळ सर्वांनी भाले काढले, रक्त काढले. एकाचा तर लाल खडूच संपला! मुलांचे काय चुकले? रक्तसाक्षी म्हटले की आपल्याही डोळ्यांपुढे जखमाच येतात.

पण कालवारीवर तीन क्रूस होते. चित्रकाराने नुसती शरीरे रेखाटली तर प्रभूचे कोणते आणि चोराचे कोणते, हे कसे ओळखायचे? ताणलेले हात तेच, खिळेही तेच. संत ऑगस्टीन याच तीन क्रुसांकडे बोट दाखवून म्हणतात की शिक्षेने कोणी रक्तसाक्षी होत नाही, ज्या कारणासाठी ती सोसली त्याने होतो. आता शिक्षा कागदावर उतरवता येते. कारण कसे उतरवणार?

नागासाकीच्या त्या टेकडीवर यासुताके फुनाकोशी या कॅथलिक शिल्पकाराने घडवलेले स्मारक आहे. या सव्वीस जणांना १८६२ साली संतपद मिळाले, त्याच्या शताब्दीला, १९६२ साली, ते उभे राहिले. माणसाच्या उंचीच्या सव्वीस ब्राँझ आकृत्या एका रांगेत आहेत. त्यात आपले गोन्सालो आहेत, बारा वर्षांचा लुईसही आहे. क्रूस मात्र कोणाच्याही पाठीशी नाही, भाले नाहीत. फक्त पावले खाली झुकलेली, जमिनीला न टेकलेली. ते टांगलेले आहेत की वर निघाले आहेत, छायाचित्र कितीदा पाहिले तरी आम्हांला ठरवता येत नाही.

कोणी म्हणेल, ही तर लपवाछपवी झाली. त्यांचे कान कापले होते, भर थंडीत क्योतोपासून त्यांना चालवत आणले होते, ते कुठे आहे? आक्षेप खरा आहे. दुःख पुसून टाकणे हाही खोटेपणाच. तरीही आमचे मन शिल्पकाराच्या बाजूने झुकते, आणि त्याचे कारण आमचीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक भगिनी कार्यालयात आली. नवरा दारू पिऊन मारायचा. दंडावर वळ होते. आम्ही तिला म्हणालो, “बाई, हा तुझा क्रूस आहे, प्रभूसाठी वाहा.” ती मान हलवून घरी गेली. आम्ही जखम पाहिली आणि तिथेच पावित्र्य आहे असे धरून चाललो, त्या मुलांसारखे. कारण विचारलेच नाही. कारण होते दारूची बाटली. गोन्सालोंनी आपले आयुष्य कोणासाठी वेचायचे ते स्वतः ठरवले होते. तिने काय ठरवले होते?

पुढे ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. आम्हांला विचारले नाही, हे बरेच झाले.

तिच्यासारखी कोणी आज हे वाचत असेल तर तिने मिस्सानंतर कार्यालयात यावे. या वेळी आम्ही आधी ऐकून घेऊ.

तुमचे धर्मगुरू