नाडी ओढल्यावर

"मावशी, कायले एवढी मेहनत करतं? शिवण्यापेक्षा पैसे देऊन टाक ना."

दिवाळीत अकोल्याला भाच्याकडे गेले होते, तेव्हा तो हे बोलला. त्यात कुचेष्टा नव्हती. तो हिशेबाचा माणूस आहे आणि त्याने हिशेबच मांडला. मीटरभर मांजरपाटात तीन थैल्या निघतात. दोरा, नाड्या आणि माझ्या दुपारी धरल्या, तर बाजारातली घाऊक थैली त्याहून स्वस्त पडते. वाचलेला पैसा एखाद्या संस्थेला द्यावा, ती पावती देईल, वर्षाअखेर अहवाल पाठवील. अमरावतीला परतताना बडनेरा येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते. एकही उत्तर माझं मलाच पटलं नाही.

कापडी पिशवीची थोरवी सांगायला मी बसलेले नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून ती सगळ्यांना पाठ आहे. हाताने शिवलेल्या वस्तूत माया असते, हेही खरंच, पण घेणाऱ्या बाईला त्या मायेचा उपयोग काय, असं भाचा विचारील आणि तो प्रश्न रास्त आहे. मला अडलं ते दुसरीकडेच. आम्ही चौघी दर गुरुवारी बसतो आणि बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात आलेल्या बायांकरिता थैल्या शिवतो. बंदाची साधी पिशवी शिवायला निम्मा वेळ लागतो. मग आम्ही नाडीचीच थैली का शिवतो?

नाडीला कष्ट पडतात. मांजरपाट आधी भिजवून वाळवावा लागतो. कोरा शिवला तर पहिल्या धुण्यात आटतो, नेफा आखडतो आणि नाडी अडकते. तळाला जोड येऊ नये म्हणून पट्टा मधोमध दुमडायचा, दोन्ही बाजूंना टीप घालायची, वर इंचभर नेफा धरायचा. नाड्या दोन. सेफ्टी पिनेला बांधून एक डावीकडून ओवायची आणि पूर्ण फेरी मारून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्ही हातांनी ओढलं की तोंड मिटतं आणि मिटलेलं राहतं. इतकं करायचं ते त्या मिटण्यासाठी.

त्या मिटण्याचा अर्थ मला दर्यापूरकडच्या एका बाईने दाखवला. ती वॉर्डात आली तेव्हा तिचं सामान एका पातळ, आरपार दिसणाऱ्या पन्नीत होतं. केसपेपर, टोस्टचा पुडा, जुन्या लुगड्याचे फाडलेले तुकडे, प्लॅस्टिकची एक फणी. शेजारच्या खाटेवरची, झाडणारी, तपासायला येणारी, जेवण वाढणारी, सगळ्यांना ते दिसत होतं. तिचं दारिद्र्य कुणी मुद्दाम पाहत नव्हतं, पण ते झाकायला तिच्याजवळ काही नव्हतं. मी थैली दिली. तिने नाडी हातात धरून विचारलं, "याले ओढलं का तोंड बंद होते ना?" मी हो म्हणाले. तिने पाठ वळवून पन्नीतलं सगळं थैलीत भरलं, नाडी ओढली, उरलेली मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळली आणि डोळे मिटले. थैली कशी आहे, कापड चांगलं आहे का, यातलं ती काही बोलली नाही.

तेव्हापासून एक भेद माझ्या मनात घर करून आहे. आपल्याकडे गुप्तदानाला फार मान आहे. देवळातल्या पेटीत पैसे टाकावेत आणि पावतीवर नाव घालू नये, या हाताचं त्या हाताला कळू नये. पण या सगळ्यात लपतो तो देणारा. घेणाऱ्याला लपायची सोय कोण करतं? देणाऱ्याचं नाव झाकणं हे एक पुण्य, आणि घेणाऱ्याची गरज झाकणं हे दुसरं. पहिल्याचा आपण गौरव करतो, दुसऱ्याला आपल्या भाषेत नाव नाही. रीत मात्र आहे. ओटी भरताना आपण खण, नारळ, तांदूळ सवाशिणीच्या पदरात घालतो, ती पदर सावरून घेते, आणि तांदूळ किती हे कुणी मोजत नाही. बटवा, चंची, कसा या आपल्या जुन्या पिशव्यांना नाडी होती. आजीच्या बटव्यात हात घालायची घरात कुणाची छाती नव्हती.

वऱ्हाडात हा विचार करताना कापूस आठवतोच. आमच्या मुलखाचं धन कायम उघड्यावर राहिलं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. अकोला, खामगाव, अमरावतीत जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वेही कापसासाठीच टाकली गेली. कापूस गाठी बांधून बाहेर जाई आणि कापड होऊन विकत परत येई. मध्यंतरी इथेही गिरण्या निघाल्या. अकोल्याची सावतराम मिल बंद झाली, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. ज्या बाया भर उन्हात वाकून कापूस वेचतात, त्यांच्याच हातात दवाखान्यात जाताना कापडाची थैली नसते, पन्नी असते. मला हे फार लागतं. मीटरभर मांजरपाट घेते तेव्हा ते धन परत करत असल्यासारखं वाटतं.

भाच्याला मी फोन केला आणि त्या बाईची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पण मावशी, किती जणींचं भलं झालं याचं माप काय?" मी गाडगेबाबांचं नाव काढलं. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी १९५६ साली देह ठेवलेला हा आमच्या जिल्ह्याचा माणूस. लोकांनी लाखो रुपये त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. भाचा लगेच म्हणाला, "बघ, त्यांनीही पैसाच उभा केला, पिशव्या नाही शिवल्या." बरोबर होतं त्याचं. पण धर्मशाळा म्हणजे काय, हे त्याने पाहिलं नाही. परक्या गावात गरिबाला दार लोटून घेता येईल अशी जागा म्हणजे धर्मशाळा. बाबांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक राहतात, तेव्हा त्यांना छपराइतकाच तो आडोसा मिळतो. बाबांनी स्वतःजवळ उघड्या तोंडाचं गाडगं ठेवलं, अंगावर चिंध्या घातल्या, आणि दुसऱ्यांसाठी दारं बांधली. माझ्या थैलीची नाडी हे त्याच दाराचं लहान रूप आहे, असं मी त्याला म्हणाले. तो गप्प झाला आणि मला वाटलं, मी जिंकले.

जिंकले नव्हते. त्या रात्री मला आमचंच वागणं आठवलं. आम्ही थैल्या रिकाम्या देत नाही. रिकामी पिशवी देऊ नये, हा आईचा संस्कार. म्हणून साबण, खोबरेल तेल, झबलं, टोपडं घालत होतो. वाटून झालं की फोटो काढत होतो. एकदा फोटोसाठी मीच बायांना म्हणाले होते, "थैली उघडून दाखवा ना, आत काय काय आहे ते दिसू द्या." बाळंतिणींनी मुकाट्याने नाड्या सैल केल्या. मिटावी म्हणून जी थैली शिवली, तिचं तोंड मीच उघडायला लावलं. भाच्याला माप हवं होतं, मला फोटो हवा होता. दोघांनाही तिच्या थैलीत डोकावायचं होतं.

मग पुढची पायरी टाळता येईना. साबण कोणता, तेल कोणतं, झबलं किती, हे आम्ही ठरवत होतो. तिला कदाचित गावी परतायला एसटीचं तिकीट हवं असेल, घरी ठेवून आलेल्या मोठ्या मुलीसाठी बिस्किटं हवी असतील. सगळ्यात मिटलेली, सगळ्यात आपली वस्तू कोणती? पैसा. तो कशावर गेला हे तिच्याशिवाय कुणाला कळत नाही. सरकारही जननी सुरक्षा योजनेत २००५ पासून बाळंतिणीला रोख मदतच देतं. म्हणजे भाचा म्हणत होता ते खरं, पैसे द्यावेत. फक्त ते पावती देणाऱ्याला नव्हे, तिच्या हातात द्यावेत, आणि अहवाल मागू नये. त्याच्याशी भांडायला निघालेली मी त्याच्याही पुढे जाऊन पोचले.

आमच्यातल्या एकीने विचारलं, "नवऱ्याने काढून घेतले तर?" घेईलही. साबणही घरी गेल्यावर सासू वापरते. पण थैलीत काय आहे हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक नसेल, तर निदान कुणाला सांगायचं ते तिचं तिला ठरवता येईल. गरिबावर विश्वास ठेवायला आपल्याला पुरावा लागतो. तिने तर आपल्याकडे कसलाच पुरावा मागितलेला नसतो.

थैली शिवणं मी सोडलेलं नाही. पैसा हातात उघडा देणं म्हणजे पुन्हा तेच, सगळ्यांसमोर. त्याला तोंड मिटणारं कापड हवंच. आता झबलं-टोपडं घालतो, कारण बाळ उघडं असतं. बाकीच्या सामानाचे पैसे घडी घालून तळाशी ठेवतो. फोटो बंद केले. नाडी घरूनच ओढून नेतो.

तुम्हीही कुठे काही देत असाल, ब्लँकेट, वह्या, शिधा, तर एवढं करा. मिटेल अशा पिशवीत द्या, आणि दिल्यावर ती उघडायला सांगू नका.